शूल्य, भटित्र आणि आबांची सळई

गेल्या दिवाळीतील गोष्ट. भाऊबीज होऊन दोन दिवस उलटले होते. चकल्यांच्या आणि करंज्यांच्या डब्यांचे तळ दिसू लागले होते, आणि तोंड इतके गोड झाले होते की घरातील प्रत्येक जण मनातल्या मनात मटणाची वाट पाहत होता. फक्त आधी बोलायचे कोणी, एवढाच प्रश्न होता. तो माझ्या नातवाने सोडविला. शिक्षणासाठी शिकागोला गेलेला हा मुलगा चार वर्षांनी दिवाळीला घरी आला होता. "आजोबा, उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे," तो म्हणाला. "मी तुम्हां सगळ्यांना स्टेक खायला घालणार."

तिकडे स्टेक म्हणजे गाईबैलाच्या मांसाचा बोटभर जाड काप. तो आमच्या घरात येणे शक्य नव्हते, आणि आपल्या राज्याच्या कायद्यातही बसत नव्हते. तेव्हा बकऱ्याच्या मांडीचे दीड इंच जाडीचे आडवे काप आणले गेले. संध्याकाळी त्याने ते फडक्याने टिपून कोरडे केले, दोन्ही अंगांना मीठ चोळले आणि न झाकताच फ्रिजमध्ये ठेवून दिले. मसाला नाही, हळद नाही, आले-लसूण नाही! आमच्या कोल्हापूरच्या घरात याहून मोठा अधर्म नाही.

"अरे, रात्रभर मीठ लावून ठेवलेस तर पाणी सुटेल. उद्या चामडे चघळत बसू सगळे," त्याची आजी म्हणाली.

"आजी, मिठाला घाई करायची नसते," तो म्हणाला. "त्याला वेळ द्यावा लागतो."

हे वाक्य ऐकून मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. तेच वाक्य मी लहानपणी ऐकले होते. बोलणारा माणूस शिकागोचा नव्हता. भोगावतीच्या काठच्या एका खेड्यातला, अंगठ्याने सही करणारा शेतकरी होता तो. माझे आजोबा. आम्ही त्यांना आबा म्हणत असू.

आमच्या गावची जत्रा थंडीत होई. बोकड पडले की बायका तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या तयारीला लागत. पण कलेजी आणि मांडीचे दोन-तीन तुकडे आबा बाजूला काढून घेत. तिसऱ्या प्रहरी ते खडेमीठ भरडून त्या तुकड्यांना चोळीत आणि टोपलीखाली सावलीत ठेवून देत. दिवस मावळला की मळ्याच्या बांधावर बाभळीची लाकडे पेटत. आम्हां पोरांना जाळ दिसला की भूक आवरत नसे. "आबा, घाला की आता!" असा आमचा ओरडा सुरू होई. आबा शांतपणे म्हणत, "जाळावर मांस करपतंय, पोरा. भाजतंय ते निखाऱ्यावर. राख पांढरी हू दे." आणि मीठ इतके आधी का लावता, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "मिठाला घाई चालत न्हाई. त्येला येळ द्यावा लागतो." मग लोखंडी सळईला ओवलेले तुकडे निखाऱ्यावर फिरू लागत. खाली उतरवले तरी लगेच हाताला लागत नसत. पानाखाली झाकून ठेवायचे, विहिरीवर जाऊन हात धुऊन यायचे, आणि मग खायचे. हा आबांचा तिसरा नियम. त्या चवीचे वर्णन मी करीत नाही. ज्याने खाल्ले असेल त्याला ते नको, आणि ज्याने खाल्ले नसेल त्याला ते पुरणार नाही.

१९६६ साली मी शिकायला पुण्यास गेलो. एका पेठेत खोली घेऊन राहत होतो आणि सायंकाळी एका विद्वान गृहस्थांकडे संस्कृत शिकायला जात होतो. माणूस मोठा सज्जन. एक पैसा न घेता शिकवीत. एकदा बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "मांस निखाऱ्यावर भाजून खाणे ही आपली संस्कृती नव्हे. ते बाहेरून आले." त्यांच्या मनात कोणाला दुखवावे असे मुळीच नव्हते. पण त्या खोलीत मांस खाणारा मी एकटा होतो, आणि मला एकाएकी माझ्या हातांना बाभळीच्या धुराचा वास येत असल्यासारखे वाटले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आबा आले. जत्रा झाली होती. रात्रीच्या एस. टी.ने, मांडीवर ॲल्युमिनियमचा डबा घेऊन बसून ते पुण्याला आले होते. डब्यात केळीच्या पानात गुंडाळलेले भाजलेले तुकडे होते. खोलीत माझे दोन सहाध्यायी बसलेले. डबा उघडताच वास दरवळला आणि मी झाकण लावले. "आबा, इथं हे चालत नाही. परत न्या," मी म्हणालो. घरमालकांचे निमित्त सांगितले. पण खरे कारण काय होते, ते मला ठाऊक होते, आणि मला वाटते आबांनाही कळले. ते "बरं" एवढेच म्हणाले. दुपारच्या गाडीने डबा घेऊन परत गेले.

पुढच्या वर्षी त्याच गृहस्थांनी आम्हांला शाकुंतल शिकविले. दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक येतो आणि दुष्यंताच्या शिकारीच्या नादापायी आपले किती हाल होतात याचे रडगाणे गातो. डोंगरातल्या ओढ्यांचे पाला पडलेले तुरट पाणी प्यावे लागते, वेळी-अवेळी जेवावे लागते, आणि जेवणात मुख्यतः असते काय, तर शूल्य मांस. म्हणजे सळईवर भाजलेले मांस! वर्गात सगळे हसले, गुरुजी हसले, मीही हसलो. रात्री खोलीवर आल्यावर मात्र माझी झोप उडाली. कालिदासाच्या राजाच्या शिकारीच्या तळावर जे रोजचे जेवण होते, तेच मी डब्यात घालून परत पाठविले होते. सुट्टीत गावी गेलो की आबांना हे सांगायचे असे ठरविले. पण त्या सुट्टीत परीक्षेचे कारण निघाले. १९६८ च्या पावसाळ्यात आबा गेले. सांगायचे ते राहून गेले.

पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो. विषय निराळे होते, पण जुना ग्रंथ हाती आला की माझी नजर आधी त्यातल्या स्वयंपाकघराकडे वळे. असे करता करता जे जमले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिला साक्षीदार खुद्द पाणिनी. ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला हा वैयाकरण शब्द कसे बनतात ते सांगतो. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायातील दुसऱ्या पादात खाण्याच्या पदार्थांच्या नावांचे एक छोटेसे प्रकरण आहे. एखाद्या साधनाने अन्नावर संस्कार केला, की त्या साधनाच्या नावावरून अन्नाचे नाव कसे पडते, असा प्रसंग आहे. तेथे सतराव्या सूत्रात तो सांगतो की शूलावर सिद्ध केलेले ते शूल्य आणि उखेत, म्हणजे भांड्यात, शिजविलेले ते उख्य. लगेच पुढच्या सूत्रात दह्याचा संस्कार केलेल्या अन्नाची पाळी येते. गंमत अशी की या साऱ्या प्रकरणाच्या शिरोभागी पाणिनीने घातलेला शब्दच मुळी 'संस्कृत' असा आहे. ज्याच्यावर संस्कार झाला ते संस्कृत अन्न! आमच्या गुरुजींनी ज्याला संस्कृतीबाहेर ठेवले होते, त्याला पाणिनीने संस्कृत अन्नाच्या पंगतीत, दह्याच्या शेजारी, पाट मांडून दिला होता.

दुसरा साक्षीदार सुश्रुत. त्याच्या संहितेत अन्नपानविधीचा मोठा अध्याय आहे. तेथे मांस सिद्ध करण्याचे निरनिराळे प्रकार वैद्याच्या दृष्टीने मोजले आहेत, आणि त्यांत भर्जित, प्रतप्त यांच्याबरोबर शूल्यही आहे. तिसरा अमरसिंह. त्याच्या कोशात, वैश्यवर्गात, शूल्याला आणखी एक नाव दिले आहे: भटित्र. कोशकार एखाद्या वस्तूला दोन-तीन नावे देतो तेव्हा ती वस्तू लोकांच्या चांगल्या परिचयाची असते, एवढे अनुमान काढायला हरकत नाही.

हे भटित्र शोधीत शोधीतच मी १९७१ च्या सुमारास आपल्या दख्खनच्या राजवाड्यात जाऊन पोहोचलो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोमेश्वर भूलोकमल्ल म्हणवून घेई, पण मल्लविद्येपेक्षा त्याला रस होता तो जगातल्या यच्चयावत् गोष्टींत. राज्य कसे राखावे येथपासून हत्ती, घोडे, रत्ने, चित्रे, संगीत, खेळ, पक्वान्ने असे सारे काही त्याने शंभर अध्यायांत बसविले. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असे नोंदविणारा हाच ग्रंथ. म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना तो प्रिय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो तीन खंडांत निघाला, १९२५, १९३९ आणि १९६१ साली. संपादक गजानन श्रीगोंदेकर. ओवीसाठी हा ग्रंथ उघडणारे पुष्कळ. मी मात्र त्यातल्या अन्नभोगात अडकून पडलो.

काय नाही त्या अन्नभोगात! इडलीची पूर्वज इड्डरिका आहे, डोशाचा पूर्वज धोसक आहे, मांडे आहेत, वडे आहेत. आणि मांसाचे प्रकार तर असे की आमचे कोल्हापूर खाली मान घालील. कलेजीचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजावेत, मग मसाल्यात परतावेत आणि दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडावेत, असे राजा सांगतो. आणि तेथेच अमराचा भटित्र 'भडित्रक' होऊन येतो: मांसाच्या तुकड्यांना भोके पाडायची, त्यांत मसाला भरायचा, ते सळईला ओवायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. हिंगाचे पाणी, आल्याचा रस आणि सैंधव हे या राजाचे आवडते तिघे; पानापानावर ते भेटतात.

ते पान वाचताना मी ग्रंथालयात बसलो होतो, आणि माझ्यासमोर राजा सोमेश्वर नव्हताच. मळ्याच्या बांधावर उकिडवे बसलेले आबा होते.

आता या साऱ्या पानांत एक वस्तू कोठेच सापडत नाही, ती म्हणजे मिरची. सोमेश्वराच्या मसाल्यात तिखटपणा येतो तो मिऱ्यांचा आणि आल्याचा. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सोळाव्या शतकात आले, त्यांच्याबरोबर ती आली. ज्या लाल तिखटावर कोल्हापूरचा सारा अभिमान उभा आहे, ते पाच शतकांमागे येथे कोणी पाहिलेही नव्हते. टोमॅटो आणि बटाटा हेही तसेच, समुद्र ओलांडून आलेले पाहुणे. एवंच, ज्या रश्श्याला आपण 'आपला' म्हणतो त्याचा रंग परदेशी, आणि ज्या भाजलेल्या तुकड्याला परका म्हणून दाराबाहेर ठेवला तो पाणिनीच्या घरचा!

याचा अर्थ बाहेरून काही आलेच नाही असा मात्र नव्हे. कबाब हा शब्द अरबी-फारसीतून आला, आणि त्याबरोबर ती कलाही खूप वाढली. माळव्यातील मांडूच्या सुलतानांनी १५०० च्या सुमारास 'निमतनामा' नावाचे सचित्र पाकपुस्तक लिहवून घेतले. अबुल फझलाने अकबराच्या मुदपाकखान्याची हकीकत आईने-अकबरीत नोंदवून ठेवली. दोन्हींत कबाब आहेत. येथे आधीच सळई होती, तेथून दुसरी आली. दोन्ही एकाच निखाऱ्यावर फिरल्या आणि पुढे कोणती कोणाची हे ओळखणेही कठीण झाले. अशा सरमिसळीची लाज वाटण्याचे कारण नाही. लाज वाटायची असेल तर ती आपल्या अज्ञानाची वाटावी. मला ती वाटली.

आणि नातवाचा स्टेक? त्याचीही कुळकथा मी शोधली. इंग्रजीत हा शब्द आला उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या 'स्टेइक'वरून, आणि त्याचे नाते आहे सळईवर भाजणे या अर्थाच्या क्रियापदाशी. म्हणजे स्टेक याचा मूळ अर्थ शूल्य! पुढे इंग्रजांनी सळई सोडून लोखंडी जाळी घेतली. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या प्रसिद्ध पाकपुस्तकात कृती आहे ती अशीच: विस्तव स्वच्छ आणि प्रखर हवा, जाळी स्वच्छ हवी, आणि मांसाला मीठ नि मिरपूड एवढेच. एका बाजूस शिकागो, दुसऱ्या बाजूस कल्याणी, आणि मध्ये आमचा मळा. तिन्हीकडे तीच तीन द्रव्ये: मीठ, वेळ आणि निखारा.

नातवाने त्या रात्री आजीला मिठाचे शास्त्रही समजावून दिले. मीठ लावल्यावर पहिली काही मिनिटे मांसाला पाणी सुटते, हे आजीचे म्हणणे खरेच. पण तेवढ्यात भाजायला घेतले तरच घोटाळा होतो. पाऊण तास किंवा त्याहून अधिक थांबले तर ते खारे पाणी हळूहळू आत मुरते, मांसाचे तंतू सैल होतात आणि भाजताना आपला रस अधिक धरून ठेवतात. वरचा भाग मात्र कोरडा होतो, आणि तोच तर हवा असतो. कारण पृष्ठभाग ओला असेपर्यंत उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो शंभर अंशांच्या वर चढत नाही आणि तांबूस होत नाही. कोरडा झाला की तापमान झपाट्याने वर जाते, आणि सुमारे १४० अंशांच्या पुढे मांसातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांचा संयोग जोरात होऊन तो खमंग तपकिरी थर धरतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. आपल्या भाकरीचा पापुद्राही तिच्यामुळेच खरपूस होतो.

मोठ्या आचेवर मांसाची तोंडे बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, असे पुष्कळ जाणते लोक सांगतात. ही समजूत रूढ केली ती युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८४७ साली. ती चूक आहे. हॅरल्ड मगी या अमेरिकन लेखकाने १९८४ मध्ये ती खोडून काढताना एक साधी गोष्ट दाखविली: तव्यावरचे मांस चर्र असा आवाज करीत राहते, तो आवाज बाहेर पडणाऱ्या रसाचाच असतो. तोंडे बंद झाली असती तर आवाजही थांबला असता! लीबिगसारख्या पंडिताची जी गफलत झाली ती आबांची झाली नाही, कारण आबांना सिद्धांत नव्हता. त्यांच्यापाशी फक्त कान आणि डोळे होते.

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अर्धा किलो मांसाला चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे. आदल्या रात्री लावून थंडाव्यात ठेवावे. ते न जमल्यास निदान तासभर आधी. निखाऱ्यावर पांढरी राख येऊ द्यावी. चरबी गळून जाळ उठला तर तुकडा बाजूला सरकवावा, फुंकर घालीत बसू नये. मिरपूड शेवटी घालावी, म्हणजे ती करपत नाही. आणि उतरविल्यावर पाच-सात मिनिटे झाकून ठेवावे. लगेच कापले तर रस ताटात वाहून जातो. थोडा धीर धरला तर तो मांसातच राहतो. बकऱ्याची मांडी कोवळी नसेल तर कच्च्या पपईचा थोडा गर चोळतात. तेही फळ अमेरिकेतूनच आलेले, पण आता त्याची जात विचारण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सारे गच्चीवर जमलो. शेगडीतले कोळसे पेटले. सूनबाईच्या धाकट्याने "घाल की आता!" असा ओरडा सुरू केला. नातू चिमटा हातात घेऊन म्हणाला, "थांब रे. राख पांढरी होऊ दे." हे त्याला कोणी शिकविले असे मी विचारले, तर म्हणाला, "तिकडे माझ्या खोलीवर टेक्सासचा एक मित्र आहे, त्याचे आजोबा असेच करतात."

तुकडे भाजून झाले. झाकून ठेवले. आम्ही हात धुऊन आलो. पहिला घास घेऊन त्याची आजी बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मीठ बरोबर आहे." आमच्या घरात यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नाही.

मी एक तुकडा केळीच्या पानावर वेगळा काढून ठेवला. "हा कोणाचा, आजोबा?" नातवाने विचारले. तेव्हा मी त्याला पाणिनीपासून सुरुवात न करता एस. टी.तून मांडीवर डबा घेऊन आलेल्या माणसापासून सुरुवात केली. डबा परत पाठविल्याचेही सांगितले. ही गोष्ट मी त्यापूर्वी कोणालाच सांगितली नव्हती. ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांनी तो डबा परत नेऊन काय केले असेल?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. मी म्हणालो, "गाडीत शेजारी बसलेल्याला दिला असेल. आबा अन्न वाया घालवणारे नव्हते."

वाचकहो, दिवाळीत घरी म्हातारी माणसे येतात. ती जे करतात ते कसे करतात, एवढे विचारून ठेवा. पुस्तकात त्याचे नाव सापडो वा न सापडो. नाव शोधायला पुढे आयुष्य पडलेले असते. विचारायला मात्र नसते.